पंपातल्या तिळाच्या तेलाबद्दल, महानंदाला

महानंदा,

मी एकदा कडुनिंबाला नापास केलं होतं. सहीनिशी, दोन प्रतींत. तुला हे सांगायची गरज नाही, कारण जिवंतपणी ते तूच निम्म्या उदगीरला सांगून ठेवलंस. पण तू सांगायचीस तेव्हा मला जरा सांभाळून घ्यायचीस. आज मी सांगते. तेव्हा मी जी मूर्ख पोर होते, तिला मी तुझ्यापेक्षा जवळून ओळखते.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. आपलं हिवतापाचं ऑफिस भाड्याच्या घरात होतं. दारावरच्या पाटीचा रंग ओला, आतल्या खुर्च्या उस्मानाबादहून ट्रकमधून आलेल्या, त्यातल्या निम्म्यांचे पाय वाटेतच मोडलेले. लोक त्याला डासांचं ऑफिस म्हणायचे. मी नांदेडहून बी.एस्सी. करून आलेली, वय तेवीस, पर्समध्ये स्वतःचं भिंग. तू उदगीरच्या तेलघाण्याच्या घरची, मॅट्रिक, रोजंदारीवर, पहाटे गोठ्यागोठ्यात शिरून काचेच्या नळीनं डास ओढून आणणारी. कागदावर तुझ्या कामाला ‘कीटक समाहारक’ असं भारदस्त नाव होतं आणि गावोगाव तुला डासवाली म्हणायचे. मला कोणी काहीच म्हणायचं नाही. तेही मला लागायचं. बघ, सुरुवात तिथूनच झाली.

पावसानं दुसऱ्या वर्षीही तोंड दाखवलं नव्हतं. पाणीच नाही तर डास कुठून येणार, असं लोकांना वाटायचं. पण नळ आठ-आठ दिवसांनी यायला लागला, टँकर आला की बायका मिळेल त्या भांड्यात पाणी साठवायच्या, आणि घराघरातला रांजण, टिपाड, हौद ही डासिणींची बाळंतपणाची खोली झाली. हौद रिकामा करून घासा म्हणून आपण सांगत फिरायचो. बायका आपल्याकडे अशा बघायच्या, जणू आपण त्यांना पाळण्यातलं पोर ओतून द्यायला सांगतोय.

औषध वेळेवर यायचं नाही. म्हणून साहेबांनी, आपल्या त्या सदा सुपारी चघळणाऱ्या साहेबांनी, मला कडुनिंबाच्या पाल्याचा काढा करून अळ्यांवर टाकून बघायला सांगितलं. आणि वर म्हणाले, “अळ्या महानंदाकडूनच घ्या. तिच्या बाटलीत एक अळी मेलेली नसते.”

एवढंच वाक्य. पण मी ते घरी नेलं, जेवताना चघळलं, झोपताना उशाशी घेतलं. अळ्या आणायला काय अक्कल लागते? माझ्या भाड्याच्या घरामागे हौद होता, त्यात हव्या तेवढ्या अळ्या होत्या, काळ्याभोर, गुबगुबीत. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हातानं त्या गाळून आणल्या आणि पोटच्या पोरांसारख्या ट्रेमध्ये ओतल्या. काढा टाकला. अळ्या मेल्या नाहीत. काढा दुप्पट केला. त्या आणखी हुशारीनं पोहायला लागल्या. मग मी कागद घेतला आणि लिहिलं, ‘कडुनिंबाचा अर्क अळीनाशक म्हणून निरुपयोगी आढळला.’ हजारो वर्षांच्या झाडाला मी एका दुपारी निकालात काढलं.

तू संध्याकाळी औशाहून आलीस. चप्पल दाराशी काढलीस, ट्रेपाशी उकिडवी बसलीस, ड्रॉपरमध्ये एक अळी ओढून खिडकीच्या उजेडात धरलीस.

“बाई, ह्या कुठल्या?”

“माझ्या घरच्या.”

“हौदावर झाड हाय का?”

“आहे. कडुनिंबाचं. का?”

तू हसली नाहीस. हसली असतीस तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं.

“मग बाई, ह्या जल्मापास्नं तोच पाला खाऊन राहिल्यात. तुमचा काढा म्हंजे त्येंना सकाळचा चहा.”

साहेबांच्या घशात सुपारी अडकली. शिपायानं त्यांच्या पाठीत बुक्क्या घातल्या. पुढे महिनाभर मी ऑफिसात शिरले की कुणी ना कुणी गंभीर चेहऱ्यानं विचारायचं, “बाई, अळ्यांचा चहा झाला का?” तू दुसऱ्या दिवशी चार ट्रे मांडलेस. दोनांत औशाच्या उघड्या हौदातल्या अळ्या, दोनांत माझ्या. काढा एकाच पातेल्यातला. दुपारपर्यंत औशाच्या तळाला बसल्या. माझ्या त्यांच्यावरून पोहत होत्या. मी कागद फाडला. दुसरी प्रत साहेबांनी आठवण म्हणून ठेवून घेतली.

आता तू नाहीस तर कबूल करते. मला तुझा हेवा वाटायचा, आणि तो काही हलका-फुलका नव्हता. तुझ्या डोळ्यांचा वाटायचा. नर की मादी हे तू डास उडताना सांगायचीस, मी भिंग शोधेपर्यंत तो खिडकीबाहेर गेलेला असायचा. तुझ्या पायांचा वाटायचा, कुठल्याही घरात सरळ चुलीपर्यंत जाणाऱ्या. मला बायका ओट्यावर खुर्ची द्यायच्या आणि तुला आत बोलवायच्या. खुर्ची म्हणजे मान, असं समजून ती नांदेडची बाई ताठ बसायची, आणि आतून तुमच्या हसण्याचा आवाज यायचा. डाससुद्धा तुला चावायचे नाहीत. मला फोडून काढायचे.

त्या काढ्याचं खरं कारण मला पुढे पुस्तकातून कळलं. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानात कडू भरून ठेवतं. ते कडू खाऊन जगायचं तर किड्याला पोटात त्याची मोडतोड करावी लागते. तुला मी ते लातूरच्या भाषेत समजावलं होतं, आठवतं? म्हटलं, डासाच्या पोटात एक डाळ मिल असते. अख्खी तूर आत जाते, भरडली जाते, टरफल बाहेर पडतं. विषाचंही तसंच. कडू आत येतं, तिथली यंत्रं त्याचा एकेक तुकडा उडवतात, उरतं ते पाण्यासोबत बाहेर निघून जातं. ज्या अळीच्या पोटात अशा गिरण्या जास्त, ती जगते. तिचीच पिलं पुढे होतात. म्हणजे अळी काही शिकत नाही, फक्त उरलेल्या उरतात.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “न्हाई बाई. शिकतात. कडू खायला लागलं की ती गिरणी जादा पाळीत चालवतात.”

मी म्हटलं, किडा शिकत नसतो, हे विज्ञान आहे. तू म्हणालीस, असंल. हे भांडण आपण किती वर्षं भांडलो? तुझ्या लग्नात, माझ्या बदलीत, तुझी शिवलीला झाली तेव्हा तर तू बाळंतिणीच्या खाटेवरून भांडलीस. मी तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही की खूप नंतर मी वाचलं. दोन्ही खरं असतं. गिरण्या जास्त असलेल्या उरतात हेही खरं, आणि कडू पोटात गेलं की तीच अळी तिच्या त्याच आयुष्यात जादा पाळी सुरू करते, हेही. इतकंच नाही, त्या पाल्यावर तयार झालेली गिरणी पुढे आपण फवारलेलं भलतंच विषही भरडून टाकते. तुझं अर्धं बरोबर होतं, ते माझ्या अर्ध्यापेक्षा अवघड अर्धं होतं. वाचलं त्या दिवशी मी तुला फोन लावला, आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पंपाचं सांगायचंय.

त्या उन्हाळ्यात फुलाचं औषध आलं होतं. शेवंतीच्या जातीचं पांढरं फूल, त्याचा अर्क रॉकेलात मिसळून घरात फवारायचा. फवारलं की डास पटापट पडायचे, लोक खूष व्हायचे, आपण पुढच्या घरी जायचो. तुझी मात्र मागे वळून जायची खोड. कुठल्यातरी घरी पाणी प्यायला परत शिरलीस आणि तुला दिसलं की सकाळी पाडलेले डास दुपारी जमिनीवरून उठून, पाय झटकून, भिंतीला जाऊन बसतायत. दुसऱ्या कुणी ते पाहिलंच नव्हतं. पडलेला म्हणजे मेलेला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तेही वनस्पतीचंच विष, आणि तेही त्यांनी दोन-चार तासांत भरडून टाकलं होतं.

मग एका सकाळी तू मला औशाला घेऊन गेलीस. एका वाण्याच्या घरी. खोलीत पांढरं धोतर अंथरलेलं, त्यावर काळे ठिपके. दुपार झाली, तीन वाजले. ठिपके हलले नाहीत.

“आज एक उठला न्हाई बाई.”

“मात्रा जास्त घेतली असशील.”

“न्हाई. तेवढीच. चार दिसांमागं पंपाचा वायसर कोरडा पडला होता, उन्हानं चामडं वाळून दाबच धरंना. अप्पाच्या घाण्यावरचं तिळाचं तेल हाय माझ्याकडं, ते घातलं. हातनं जास्त पडलं, डब्यात उतरलं. पुसावं म्हनलं, तर तवाबी असंच झालं. मग परवा मुद्दाम घातलं, दुसऱ्या घरी. तिथंबी उठले न्हाईत. काल औषधात करडीचं घालून बघितलं, तर उठले की. आज परत तिळाचं. तिळाचंच लागतंय.”

तू धोतराच्या कडेला बसली होतीस. तुझ्या कपाळावरची विभूती घामानं पसरलेली, बोटांना तेल. आणि तू माझ्याकडे वर बघून अगदी साधेपणानं विचारलंस, “तुमी शिकलेल्या हायत. असं का होतंय, सांगा ना.”

मला माहीत नव्हतं.

महानंदा, ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायला त्या पोरीला काय झालं होतं? वाण्याची सून दारात उभी होती, तिच्यासमोर कमीपणा नको म्हणून म्हणू का? तसं नव्हतं. तू पायरी-पायरीनं काम केलं होतंस. आधी चुकून, मग मुद्दाम, मग दुसरं तेल घालून. मला कॉलेजात जे शिकवलं आणि मी कधीच केलं नाही, ते तू वायसर दुरुस्त करता करता केलं होतंस. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं? पंप धुतला असता. साबणानं, तीनदा. आणि डास संध्याकाळी भिंतीवर.

“पंपात काहीही घालायचं नसतं,” मी म्हटलं. “सरकारी औषध आहे ते.”

तू मान डोलावलीस, “हाव,” म्हणालीस आणि धोतर झटकलंस.

त्याच आठवड्यात काही रोजंदारीची माणसं कायम करायची म्हणून वरून नावं मागवली होती. साहेबांनी मला तुझ्या कामाबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या. चांगल्या लिहाल म्हणून निर्धास्तपणे सांगितल्या. मी लिहिलं, ‘सदर रोजंदार कर्मचारी फवारणी पंपात परस्पर खाद्यतेल भरतात. त्यामुळे शासकीय औषधाची गुणवत्ता बाधित होण्याचा संभव आहे. समज देण्यात यावी.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो कागद इतकी वर्षं मला गिळता आला नाही. खोटं असतं तर मी केव्हाच चूक झाली म्हटलं असतं.

यादी आली, तुझं नाव नव्हतं. साहेबांनी तुला आत बोलावलं. तू बाहेर आलीस, बाटल्या धुऊन पालथ्या घातल्यास, मला म्हणालीस, “चलते बाई. उदगीरला आलात तर घरी या.” मी म्हटलं, मॅट्रिकवाल्यांना घेत नसतील. तू म्हणालीस, “हाव.” तुझ्या त्या ‘हाव’मध्ये काय होतं, ते मी आजतागायत शोधतेय.

तू गेल्यावर माझा हेवा संपायला हवा होता ना? वाढला. पहिल्याच महिन्यात नवीन आलेल्या माणसाच्या बाटलीत निम्म्या अळ्या मेलेल्या. दोन महिन्यांनी तापाच्या कामासाठी उदगीरला आले, उपाशी होते, आणि निर्लज्जासारखी तुझ्या दारात उभी राहिले. तू ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढलीस, वरून तेच तिळाचं तेल. मी खाल्लं. तेव्हापासून मी तुझ्याकडे खातच राहिले. तू किराणा दुकानवाल्याशी लग्न केलंस, गल्लीतल्या बायकांना रांजणाला फडकं बांधायला लावलंस, आठवड्याला एक दिवस अख्खी गल्ली हौद कोरडा ठेवायला लागली. मी बढत्या घेत होते आणि माझ्या तक्त्यांवर तुझ्या गल्लीचा आकडा सगळ्यांत खाली असायचा. वरिष्ठांनी विचारलं, इथे काय केलंत? मी म्हटलं, प्रबोधन. तुझं नाव घ्यायला तेव्हा तरी काय हरकत होती? तेव्हा तर तू माझी जिवाभावाची होतीस. तरी नाही घेतलं.

आणि मग ते प्रशिक्षण. दुसऱ्या शहरात, पंख्याखाली, खुर्च्यांना गाद्या. एक बारीक चष्म्याचे गृहस्थ फळ्यावर काढून दाखवत होते की फुलाच्या औषधात आता एक जोड मिसळतात, तिचा मूळ धागा तिळाच्या तेलापर्यंत जातो. किड्याच्या पोटातलं जे यंत्र विष भरडतं त्यात तिळातलं द्रव्य अडकून बसतं, गिरणी जाम होते, आणि विष आपलं काम पुरं करतं. तिळाचा हा गुण जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, असंही म्हणाले.

मला पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? बरं झालं. बरं झालं, तो तुझा शोध नव्हता. कुणीतरी कुठेतरी आधीच लावलेला होता. मी निवांत झाले, चहाच्या वेळी दोन बिस्किटं जास्त खाल्ली. रात्रीच्या गाडीत बसल्यावर मला माझीच किळस आली. जगाला ठाऊक होतं, पण तुला कुणी सांगितलं होतं? तू ते औशाच्या वाण्याच्या घरात, जुन्या धोतरावर, एकटीनं शोधलं होतंस. आणि मला ‘का’ म्हणून विचारलं होतंस. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवसापासून माझ्या पिशवीत होतं आणि मी ते तुला दिलं नाही. दिलं असतं तर पंपाचा विषय निघाला असता. पंपाचा निघाला की कागदाचा. म्हणून मी तुझ्या घरी येताना दर वेळी पेढे आणायचे. आता कळलं ना तुला, इतके पेढे का.

आज देते उत्तर. गिरणी जाम होते, महानंदा. एवढंच कारण होतं.

गेलीस तेव्हाही तू मला मागे टाकलंसच. तुझ्या लिंगायत लोकांच्या रीतीप्रमाणे तुला बसवून नेलं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, तळहातावर लिंग, ताठ बसलेली, जसं कुणी जेवायला वाढायची वाट बघतंय. रुद्रभूमीत खाली उतरवतानाही बसलेलीच. मी बिल्वाची पानं टाकली आणि मनात आलं, हिला तिकडेही बैठक मिळाली, मी मात्र आडवी जाणार. गल्लीतल्या सगळ्या बायका रडत होत्या. माझ्या वेळी पेन्शन ऑफिसचा एखादा कारकून आला तरी पुष्कळ. रडायच्या जागी मला हे सुचत होतं. तुझ्यापाशी मी एवढ्याच लायकीची होते, आणि तू मला पन्नाशीत, साठीतही ‘बाई, बाई’ करत ताटाशी बसवलंस.

तिसऱ्या दिवशी परत गेले. शिवलीला आतल्या खोलीत तुझी लुगडी घडी करत बसली होती. तिला तुझे डोळे मिळालेत, माणूस उडत असतानाच ओळखणारे. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. गुडघे वाजले, तिनं उशी दिली. ठरवून गेले होते की तुझ्याऐवजी निदान तिला सांगायचं, म्हणजे कुणीतरी मला दोन शब्द सुनावील आणि मी घरी जाऊन झोपेन.

“शिवलीला, तुझ्या आईची नोकरी साहेबांनी घालवली नव्हती,” मी म्हटलं. “मी एक कागद लिहिला होता.”

तिनं लुगड्याची घडी पुरी केली, वरून हात फिरवला. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

“मावशी, तो कागद साहेबांनी आईच्याच हातात वाचायला दिला होता. आई म्हनायची, बाईंचं अक्षर लई देखणं, माझी नोकरी घालवली त्या कागदावरबी एक खाडाखोड न्हवती.”